आठवड्याची गोळी आणि खुब्याचं हाड

कांजूरमार्गच्या आमच्या भागात साठी ओलांडलेल्या बायका एकत्र बसल्या की एक विषय हमखास निघतो. डेक्सा तपासणी झालेली असते, कागदावर ‘ऑस्टिओपोरोसिस’ असा शेरा असतो, डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिलेली असते आणि पट्टीतल्या दोन गोळ्या संपल्यावर उरलेल्या कपाटात पडून असतात. मधल्या काळात कुणीतरी मोबाइलवर संदेश पाठवलेला असतो, की या गोळीने जबड्याचं हाड सडतं, मांडीचं हाड आपोआप मोडतं. दवाखान्यात गर्दी असते, एवढ्यासाठी पुन्हा कुठे जायचं, म्हणून डॉक्टरांना कुणी विचारत नाही. पुढच्या भेटीत ते विचारतात, ‘गोळी चालू आहे ना?’ आणि उत्तर येतं, ‘हो’.

मला काळजी वाटते ती या ‘हो’ची. गोळी घेणं आणि न घेणं, दोन्ही निर्णय योग्य ठरू शकतात. पण तो निर्णय स्वतःचा धोका मोजून आणि डॉक्टरांना सांगून झालेला हवा.

पहिली गोष्ट ही, की त्या संदेशात लिहिलेलं खोटं नाही. जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याचे प्रकार २००३ सालापासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले. मांडीच्या हाडाच्या विचित्र, आडव्या मोडण्याची नोंद २००५ पासून होत आली. संदेशात नसतात त्या दोन गोष्टी: किती जणींत एकीला हे होतं, आणि गोळी न घेतलेल्या बाईचं पुढे काय होतं.

औषधाच्या दुष्परिणामाची तुलना आपण नकळत धडधाकट शरीराशी करतो. पण सत्तरीला आलेली, एकदा घरातल्या घरात पडून मनगट मोडलेली बाई गोळी सोडून धडधाकट होत नाही. तिच्यासमोर गोळीच्या त्रासाचा पर्याय म्हणून पुढचं हाड मोडण्याची शक्यता उभी असते. तुलना त्या शक्यतेशी करायची.

खुबा मोडणं म्हणजे काय, हे ज्या घराने पाहिलं आहे त्याला सांगावं लागत नाही. उतारवयात खुब्याचं हाड मोडलेल्यांपैकी साधारण चार-पाच जणांतलं एक वर्षभरात दगावतं. अंथरुणाला खिळल्यावर होणारा न्यूमोनिया, पायात धरणारी रक्ताची गुठळी, आधीपासूनचा हृदयविकार किंवा मधुमेह, असं एकातून एक निघत जातं. वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीसारखं कुणाच्या आधाराविना चालता येत नाही. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईचं भाजी आणणं, देवळात जाणं, स्टेशनचा जिना चढून मुलीकडे जाणं, सगळं थांबतं. मणका मात्र अनेकदा गुपचूप चेपतो. पाठ दुखली की आपण बाम चोळतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी लक्षात येतं की पोक आलं आहे, वरच्या फळीवरचा डबा हाताला येत नाही. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त उंची कमी झाली असेल तर मणक्याचा एक्स-रे काढून घ्यावा.

स्वतःचा धोका आधी मोजा

डेक्सा तपासणीत अगदी कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मोजतात. निकाल टी-स्कोअर या आकड्यात येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या पट्टीप्रमाणे उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान हाडं विरळ होऊ लागलेली, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा औषधाच्या दुकानाबाहेर भरणाऱ्या मोफत शिबिरात टाचेला यंत्र लावून जो आकडा देतात, त्याला ही पट्टी लागू होत नाही. तो आकडा वाईट आला तर डेक्सा करून घ्यावी. त्याच्या जोरावर औषध सुरू करू नये आणि शिबिरातच कुणी औषध विकत असेल तर अजिबात घेऊ नये.

डेक्साचा आकडाही एकटा निर्णय देत नाही. उणे २.६ हा आकडा ५६ व्या वर्षी एक सांगतो आणि ७८ व्या वर्षी वेगळंच सांगतो, कारण वयाबरोबर पडण्याची शक्यताही वाढते. सगळ्यात मोठी खूण म्हणजे आधी मोडलेलं हाड. उभ्या उंचीवरून, म्हणजे चालताना घसरून किंवा खुर्चीवरून उठताना तोल जाऊन पडल्यावर मनगट, खांदा, मणका किंवा खुबा मोडला असेल तर तो ‘पाय घसरला म्हणून’ एवढ्यावर सोडून देण्याचा अपघात नव्हे. धडधाकट हाड तेवढ्याने मोडत नाही.

ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठाने २००८ साली ‘फ्रॅक्स’ नावाचं एक गणित जगाला खुलं केलं. वय, वजन, उंची, आधी मोडलेलं हाड, आई-वडिलांचा खुबा मोडला होता का, धूम्रपान, दारू, संधिवाताभ आमवात, स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि असेल तर खुब्याच्या डेक्साचा आकडा, एवढं भरलं की पुढच्या दहा वर्षांत मोठं हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. त्यात भारताचा पर्याय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. डॉक्टरांना ‘माझं फ्रॅक्स काढाल का?’ असं सरळ विचारा. हा प्रश्न विचारल्याने कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही.

दोन गोष्टी आपल्याकडच्या बायका सांगायला विसरतात. पहिली, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी तीन महिन्यांहून अधिक घेतलेली स्टेरॉइडं. सांधे दुखतात म्हणून कुणाकडून तरी आणलेल्या, लेबल नसलेल्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून त्या पुड्यांबद्दलही सांगा. दुसरी गोष्ट म्हणजे लवकर गेलेली पाळी. पंचेचाळिशीच्या आत पाळी गेली असेल किंवा गर्भपिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील तर हाडांची झीज तेव्हापासूनच सुरू झालेली असते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचं उघड झालं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली. त्या बायकांपैकी अनेक जणी तेव्हा तिशी-चाळिशीत होत्या. ज्यांचे बीजकोशही काढले गेले, त्यांच्या हाडांचा प्रश्न साठीची वाट पाहणार नाही. गावाकडच्या बहिणीची, वहिनीची अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर तिला हे कळवा.

हजार बायकांचा हिशेब

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होरायझन’ या मोठ्या चाचणीत ऑस्टिओपोरोसिस असलेल्या, ६५ ते ८९ वयाच्या साडेसात हजारांहून अधिक बायकांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा, आठवड्याच्या गोळीच्याच वर्गातल्या झोलेड्रोनिक ॲसिडची सलाईन दिली आणि निम्म्यांना औषध नसलेली सलाईन. तीन वर्षांनी मोजलं. औषध न मिळालेल्या दर हजार बायकांपैकी २५ जणींचा खुबा मोडला होता, औषध मिळालेल्यांत १४ जणींचा. एक्स-रेत दिसणारी मणक्याची मोड पहिल्या गटात हजारी १०९, दुसऱ्यात ३३. उलट बाजूला, हृदयाचे ठोके गंभीर प्रमाणात अनियमित होण्याचा त्रास पहिल्या गटात हजारी ५ जणींना झाला, दुसऱ्यात १३ जणींना.

हे आकडे दोनदा वाचावेत. ‘खुब्याच्या मोडीत ४१ टक्के घट’ असं जे छापलं जातं ते आणि ‘हजारात ११ खुबे वाचले’ हे एकच आहे. टक्क्यांनी डोळे दिपतात, हजारी आकड्याने निर्णय घेता येतो. आणखी एक, या चाचणीत दोन्ही गटांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मिळतच होतं. ‘मी कॅल्शियम घेते, मला दुसरं औषध कशाला?’ असं म्हणणाऱ्या बाईला याहून स्पष्ट उत्तर नाही: कॅल्शियम घेऊनही हजारी २५ खुबे मोडले होते.

याच आकड्यांची दुसरी बाजूही आहे. या बायकांचा धोका मुळातच मोठा होता. ५८ वर्षांची, टी-स्कोअर उणे २.१, कधीही हाड न मोडलेली, स्टेरॉइड न घेतलेली बाई हे औषध घेईल तेव्हा तिचा फायदा बराच कमी असेल, दुष्परिणामाची शक्यता मात्र तेवढीच राहील. अशा बाईने औषध न घेता व्यायाम, आहार आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा डेक्सा हा मार्ग धरला तर तो निष्काळजीपणा होत नाही, आणि तिला घाबरवून गोळी सुरू करून देणं मला पटत नाही.

मांडीच्या हाडाबद्दलचा सर्वात उपयोगी हिशेब २०२० साली अमेरिकेतून आला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनेंटे या आरोग्यसंस्थेतल्या सुमारे १ लाख ९६ हजार बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दहा हजार गोऱ्या बायकांनी आठवड्याच्या गोळीच्या वर्गातलं औषध तीन वर्षं घेतलं तर १४९ खुबे वाचतात आणि दोन जणींच्या मांडीचं हाड त्या विचित्र पद्धतीने मोडतं. आशियाई बायकांत मात्र ९१ खुबे वाचतात आणि आठ जणींच्या मांडीचं हाड मोडतं. ‘आशियाई’ हा त्या अभ्यासातला एकच मोठा गट आहे. महाराष्ट्रातल्या बायकांचा वेगळा आकडा त्यातून निघत नाही. तरी आपण कुठल्या बाजूला आहोत, एवढं त्यातून कळतं. तीन वर्षांच्या हिशेबात फायद्याचं पारडं आपल्यासाठीही कितीतरी जड आहे. पण गोऱ्या बायकांइतका निश्चिंतपणा आपल्याला परवडणारा नाही, म्हणून ‘चालू आहे तर चालू दे’ असं म्हणत दहा-बारा वर्षं तीच गोळी घेत राहणं टाळावं. धोका औषधाच्या वर्षांबरोबर वाढतो आणि औषध थांबवल्यावर झपाट्याने उतरतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

फार वय झालेल्यांसाठी प्रश्न वेगळा असतो. आजीचं वय ८६, मग आता औषध कशाला? २०२२ साली दहा चाचण्यांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की शंभर बायकांत एकीचं मणक्याखेरीजचं हाड वाचायला सुमारे वर्षभर औषध घ्यावं लागतं. घरात हिंडणाऱ्या, स्वतःचा चहा स्वतः करणाऱ्या ८६ वर्षांच्या आजीला ते वर्ष सहज लाभू शकतं, आणि पडून खुबा मोडण्याचा धोका तिलाच जास्त आहे. शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मात्र या औषधाचा भार देऊ नये.

ज्यांचा खुबा आधीच मोडला आहे, त्यांच्याबद्दल तर मला शंकाच नाही. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत तीच वार्षिक सलाईन सुरू केलेल्या रुग्णांची दुसरी चाचणी २००७ मध्येच झाली. सुमारे दोन वर्षांत औषध न मिळालेल्या शंभरातले १३ दगावले होते, औषध मिळालेल्यांतले दहापेक्षा थोडे कमी. शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या आईच्या कागदावर फक्त वेदनाशामक आणि कॅल्शियम असेल तर मुलांनी डॉक्टरांना विचारावं: ‘हाडांचं औषध कधी सुरू करायचं?’

गोळीचा निम्मा त्रास घेण्याच्या रीतीतून येतो

आठवड्याची गोळी म्हणजे बहुधा ७० मिलिग्रॅमची अलेंड्रोनेट, किंवा ३५ ची रायसेड्रोनेट. महिन्याला एक, १५० मिलिग्रॅमची आयबँड्रोनेटही मिळते, पण खुब्याची मोड टळण्याचा तिचा पुरावा पहिल्या दोघींइतका भक्कम नाही. या गोळ्यांची मुख्य तक्रार छातीत जळजळ, गिळताना दुखणं, पोटात मळमळणं ही असते. गोळी अन्ननलिकेत अडकली किंवा पोटातून वर आली तर तिथलं अस्तर भाजून निघतं.

म्हणून सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, उपाशीपोटी, गोळी न चावता न चघळता, साध्या पाण्याचा भरलेला पेला पिऊन घ्यायची. चहा, दूध, ताक, रस यांतलं काही नको, कारण त्यांच्याबरोबर औषध अंगी लागतच नाही. त्यानंतर अर्धा तास, आणि आयबँड्रोनेट असेल तर एक तास, आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं-प्यायचं नाही. बसा, उभ्या राहा, घरात फेऱ्या मारा. आपल्याकडे चूक इथेच होते. पहाटे पाणी भरायला उठलेली बाई त्याच वेळी गोळी घेते आणि भांडी भरून झाली की पुन्हा पाठ टेकते. त्या बाईला जळजळ होणारच. ज्या दिवशी सकाळी सलग अर्धा तास आडवं व्हायची वेळ येत नाही असा वार निवडा आणि तोच कायम ठेवा. गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, नंतर पुन्हा ठरल्या वारावर या. एका दिवशी दोन मात्र घेऊ नका.

थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच असते, म्हणून अनेकींचा गोंधळ उडतो. आठवड्यातला तो एक दिवस आधी हाडांची गोळी, अर्ध्या तासाने थायरॉइडची, मग चहा, असा क्रम डॉक्टरांना विचारून लावता येतो. कॅल्शियमची गोळी या दोन्हींपासून दूर, थायरॉइडच्या गोळीनंतर निदान चार तासांनी ठेवावी. दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर ती सोयीची पडते.

गिळायला आधीपासून त्रास असेल, अन्ननलिका अरुंद झालेली असेल, अर्धा तास ताठ बसता येत नसेल किंवा मूत्रपिंडाचं काम बरंच उतरलेलं असेल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३५ मिलीच्या खाली गेली की ही गोळी आणि ती सलाईन, दोन्ही टाळतात. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने औषध सुरू करण्याआधी क्रिएटिनिन तपासलेलंच असलं पाहिजे. गोळी नीट घेऊनही जळजळ थांबत नसेल तर सोसत बसू नका आणि गुपचूप बंदही करू नका. सलाईन किंवा इंजेक्शनचा मार्ग पोटाला वळसा घालून जातो.

जबडा आणि मांडी

ऑस्टिओपोरोसिससाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेत जबड्याचं हाड उघडं पडण्याचं प्रमाण वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक इतकं कमी आहे. भीती पसरली ती मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांमुळे. त्यांना याच वर्गातली औषधं कितीतरी जास्त मात्रेत आणि वारंवार दिली जातात, आणि त्यांच्यात हा त्रास पुष्कळ जास्त आढळतो.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी मात्र आपल्याकडे भरपूर आहेत. वर्षानुवर्षं मशेरी लावून खराब झालेल्या हिरड्या, ताब्यात नसलेला मधुमेह, घासणारी सैल कवळी. म्हणून औषध सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा, काढायची दाढ असेल तर ती काढून जखम भरू द्या आणि मग औषध घ्या. तुमची हाडं फार नाजूक असतील तर मात्र दातांच्या कामासाठी औषध महिनोन्‌महिने लांबवू नका. औषध चालू असताना दात काढायची वेळ आली तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध सांगा. साफसफाई, सिमेंट भरणं, रूट कॅनल याला सहसा अडचण नसते. दात काढल्यावर आठ आठवड्यांनीही जखम भरली नाही किंवा हाड दिसतं आहे असं वाटलं तर लगेच दाखवा. आणि मशेरी सोडा. ती हिरड्यांना आणि हाडांना, दोघांनाही खाते.

मांडीचं हाड बहुतेक वेळा सूचना देऊन मोडतं. आठवडे किंवा महिने मांडीत नाहीतर जांघेत खोल, बोथट ठणका लागतो, चालताना वाढतो. या वयात मांडी दुखली की आपण संधिवात म्हणतो, नाहीतर कंबरेची नस. तीन-चार वर्षांहून अधिक काळ गोळी, सलाईन किंवा सहा महिन्यांचं इंजेक्शन चालू असलेल्या बाईची मांडी दुखू लागली तर दोन्ही मांड्यांचा, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत पूर्ण एक्स-रे काढायला सांगा. हाडाला चीर पडलेली वेळेत दिसली तर मोड टाळता येते.

सलाईन, इंजेक्शन आणि तारखा

वर्षाच्या सलाईननंतर पहिल्या खेपेला तिघींपैकी एकीला तीन दिवसांच्या आत ताप, अंगदुखी, डोकेदुखी होते. पॅरासिटामॉलने ती जाते आणि दुसऱ्या वर्षी फारच कमी जणींना होते. हे आधी माहीत नसलं की त्या तापाला घाबरून पुढची सलाईन चुकवली जाते. सलाईनआधी भरपूर पाणी प्या, क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. ड जीवनसत्त्व फार कमी असताना सलाईन दिली तर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं, ओठांभोवती मुंग्या येतात, पायांत गोळे येतात. मुंबईत ही कमतरता विरळ नाही. केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ ते ३५ वयाच्या हजाराहून अधिक निरोगी तरुणांपैकी जवळपास ७० टक्क्यांत ते कमी निघालं होतं. साठीनंतर त्वचा ऊन असतानाही ते कमी बनवते, आणि उंच इमारतीत, खिडक्या लावून बसणाऱ्या माणसाला ऊन मिळतं कुठे?

सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅबच्या इंजेक्शनबद्दल मी सर्वात जास्त आग्रहाने लिहिते आहे. औषध उत्तम आहे, पोटाला त्रास देत नाही, भारतीय कंपन्यांनी ते बनवायला लागल्यापासून आवाक्यातही येऊ लागलं आहे. मूत्रपिंडाचा आजार फार पुढे गेलेल्यांत, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांत, त्याने कॅल्शियम धोकादायक उतरू शकतं. अमेरिकी औषध नियामकांनी जानेवारी २०२४ मध्ये त्याचा सर्वात कडक इशारा दिला. पण सर्वांसाठी मोठा धोका ते थांबवण्यात आहे. गोळीचं औषध हाडात साठून राहतं, ती बंद केली तरी काही काळ असर टिकतो. डेनोसुमॅबचा असर सहा महिन्यांनी संपतो, आवरून धरलेली झीज उसळून येते आणि काही जणींचे एकापाठोपाठ अनेक मणके चेपतात. म्हणून पुढचं इंजेक्शन सहा महिन्यांनी, फार तर सातव्या महिन्याच्या आत झालंच पाहिजे. बंद करायचं असेल तर त्या जागी गोळी किंवा सलाईन आधी ठरवून मगच करायचं.

आता आपल्या घरांचा विचार करा. नातवंडं सांभाळायला सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या आया, गणपतीला कोकणात जाऊन दिवाळीपर्यंत राहणाऱ्या काकू, इमारत पुनर्विकासात गेल्यामुळे भाड्याच्या घरात दुसऱ्या उपनगरात गेलेल्या, जुना डॉक्टर सुटलेल्या मावश्या. ज्यांच्या तारखा चुकण्याची अशी शक्यता आहे त्यांनी हे इंजेक्शन सुरू करण्याआधीच डॉक्टरांना ते सांगावं. सुरू केलं असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि मुलाच्या मोबाइलवर, दोन्हीकडे तारीख लिहावी.

टेरिपॅराटाइड हे रोज पोटावर किंवा मांडीवर टोचायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं औषध हाड नव्याने बांधतं. मणके अनेक मोडले असतील तेव्हा ते देतात, साधारणपणे दोन वर्षांपेक्षा जास्त नाही. टोचल्यावर चक्कर येऊ शकते म्हणून सुरुवातीला बसूनच घ्यावं. त्यानंतरही दुसरं औषध लागतं. रॅलॉक्सिफेन मणक्याला उपयोगी, खुब्याला नाही, आणि पायात गुठळी झालेल्यांनी घेऊ नये. पाठदुखीसाठी नाकात मारायचा कॅल्सिटोनिनचा फवारा कुणी दीर्घकाळ चालू ठेवला असेल तर डॉक्टरांशी बोला: लांबच्या वापरात कर्करोगाचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसल्यामुळे युरोपच्या औषध नियामकांनी २०१२ साली हाडांच्या ठिसूळपणासाठी त्याचा वापर थांबवायला सांगितला.

ड जीवनसत्त्वाचं ६० हजार युनिटचं पाकीट निरुपद्रवी समजून लोक आठवड्याला एक याप्रमाणे वर्षानुवर्षं घेतात. ते ठरावीक आठवड्यांसाठी असतं. अतिरेकाने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेपण येतं, मूत्रपिंडं बिघडतात. कॅल्शियम शक्य तेवढं ताटातून घ्यावं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, शिवाय तीळ, दूध, दही, काट्यासकट खाल्ले जाणारे लहान मासे. उरलेली तूट तेवढी गोळीने भरावी.

आणि पडण्याचं काय? झोपेची गोळी, रक्तदाबाच्या वाढत गेलेल्या मात्रा, रात्री लघवीला उठवणारं औषध. हाड मोडायला कारण ठरणाऱ्या औषधांची यादी करायची तर मी यांना हाडांच्या गोळीच्या बरीच वर लिहीन. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजायला सांगा. पित्तासाठी रोज घेतली जाणारी गोळी खरंच अजून लागते का, हेही विचारा, कारण तिच्या लांबच्या वापराचा हाडं मोडण्याशी संबंध आढळला आहे.

औषध सुरू करताना फेरविचाराची तारीख त्याच कागदावर लिहून घ्या. गोळी असेल तर पाच वर्षांनी, सलाईन असेल तर तीन वर्षांनी. तेव्हा हाड मोडलेलं नसेल आणि खुब्याचा आकडा सुधारलेला असेल तर डॉक्टर काही काळ सुट्टी देऊ शकतात. मणका मोडलेल्या बाईला ती देण्याची घाई करत नाहीत, आणि डेनोसुमॅबला तर अशी सुट्टी नाहीच.

शेवटी एक विनंती. आपल्या बायकांचा वेगळा आकडा हवा असेल तर आपल्या बायकांच्या त्रासाची नोंद व्हायला हवी. भारताचा औषध-दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे आणि परळच्या केईएम रुग्णालयात त्याचं नोंदणी केंद्र आहे. रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो. गोळीने घसा भाजला, सलाईननंतर ताप आला, मांडी दुखू लागली, दात काढलेली जखम भरली नाही, यातलं काहीही झालं तर आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा आणि मग कामकाजाच्या दिवशी १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर फोन करून कळवा.